पालखीतला ग्रंथ आणि आपलं हसू



आज खरं तर पिठाच्या मर्यादेवर लिहिणार होते. पावसाळा तोंडावर आलाय, पाच दिवसांची मर्यादा तीन दिवसांवर येईल, गिरणीच्या फेऱ्या वाढतील, त्याचं नियोजन कसं करायचं हे दरवर्षी कोणीतरी विचारतंच. ते पुढच्या आठवड्यात नक्की लिहीन. आज मनात जे खदखदतंय ते आधी सांगून टाकते.

मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळाची बैठक होती. बस्तीच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही पंधरा-वीस जणी. विषय होता श्रुतपंचमीचा. ग्रंथाची पालखी किती वाजता निघायची, कुठल्या रंगाच्या साड्या नेसायच्या, प्रसादाला काय करायचं, सगळं ठरलं. शेवटी चहा घेताना आमच्यातल्या एक वहिनी हळूच म्हणाल्या, "मी यंदा बी.ए.चा फॉर्म भरीन म्हणते. मुक्त विद्यापीठाचा." वय बावन्न. दोन्ही मुलींची लग्नं झालेली, मुलगा नोकरीला.

क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग एक आक्का म्हणाल्या, "आता काय कलेक्टर होणार की काय गं?" आणि सगळा हॉल हसला. कोणी म्हणालं, नातवाबरोबरच शाळेला जावा. कोणी म्हणालं, भावोजींनी डबा करायला शिकलं पाहिजे आता. वहिनी स्वतःही हसल्या आणि म्हणाल्या, "गंमत केली हो." विषय संपला.

मीही हसले.

हे लिहिताना हात अडखळतोय, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे की मी स्वतः छेचाळिसाव्या वर्षी बी.ए. झाले आणि आता एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या हॉलमध्ये त्या वहिनींच्या बाजूने बोलायचा सगळ्यात जास्त हक्क माझा होता. आणि मी चहाचा कप तोंडाला लावून हसले, कारण सगळ्या हसत होत्या.

घरी आल्यावर दोन दिवस मला ते पचलं नाही. अर्ध्या तासापूर्वी आम्ही ज्ञानाची पालखी कशी काढायची ते ठरवत होतो. त्याच खुर्च्यांवर बसून आम्ही एका बाईचं शिकायचं मन मोडलं, आणि त्यात काही विपरीत आहे हे एकीच्याही लक्षात आलं नाही.

आता मुद्द्याचं बोलते. जरा तिखट बोलेन, राग मानू नका. मानलात तरी शेवटपर्यंत वाचा.

पहिली गोष्ट, आपण श्रुतपंचमीला काय करतो ते आठवा. आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागम लिहून पूर्ण केला, त्याची ही तिथी. त्या ग्रंथाचं पुढे काय झालं? शतकानुशतकं त्याच्या ताडपत्राच्या प्रती मूडबिद्रीच्या भांडारात बंद होत्या. लोक लांबून यायचे, दर्शन घ्यायचे, हात जोडून परत जायचे. वाचायचं कोणी नाही. मग विसाव्या शतकात प्रती बाहेर आल्या आणि १९३९ पासून धवला टीकेसह एकेक खंड अमरावतीहून छापून निघू लागला. त्याचे संपादक हिरालाल जैन हे कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक होते. कॉलेजात मिळवलेली विद्या नसती, तर आपण आजही रेशमी वेष्टनालाच नमस्कार करत बसलो असतो.

आपल्यातल्या कितीतरी बायका त्या भांडारातल्या ताडपत्रासारख्या आहेत. घरात मान आहे, सणावाराला ओवाळणी आहे, पण उघडून कोणी वाचत नाही. आणि आपणही आपल्याला उघडत नाही.

"जैन समाज शिकलेला आहे" असं आपण अभिमानाने सांगतो. खरं आहे ते. २००१ च्या जनगणनेत जैनांची साक्षरता ९४.१ टक्के होती, सगळ्या धर्मांत जास्त. बायकांची ९०.६ टक्के. पण त्याच जनगणनेतला दुसरा आकडा आपण कधी सांगत नाही. काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेलेल्या जैन बायका होत्या फक्त ९.२ टक्के, आणि हा आकडा सगळ्या धर्मांत कमी. आपल्या भागात शेतात, दुकानात, डेअरीत राबणाऱ्या बाया कितीतरी आहेत, त्यांना कोणी मोजलं नसेल हे मलाही कळतं. तरीही दोन आकडे शेजारी ठेवून बघा. एवढं शिकून आपलं शिक्षण गेलं कुठं? माझं सांगते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात, लग्नाच्या शालूखाली.

माझं लग्न एस.वाय.ची परीक्षा दिल्यावर झालं. "तिसरं वर्ष तिकडं जाऊन कर" असं सांगूनच पाठवलं. सासरी कोणी नाही म्हणालं नाही. फक्त कधी वेळ झाला नाही. आधी नवी नवरी, मग बाळंतपण, मग दुसरं, मग सासऱ्यांचं आजारपण, मग मुलांची दहावी. प्रत्येक कारण खरं होतं. चोवीस वर्षं खऱ्या कारणांत गेली. म्हणून मी कोणा एकाला दोष देत नाही. पण जिला कोणी अडवलं नाही तीही अडकूनच राहते, याचा विचार आपण करत नाही.

आता त्या हॉलमधले आक्षेप एकेक करून घेते. तुमच्या घरीही हेच ऐकू येत असतील.

"आता या वयात काय उपयोग?" हा पहिला. मला सांगा, पासष्टाव्या वर्षी कोणी शिखरजीची वंदना करून आलं तर आपण विचारतो का काय उपयोग झाला म्हणून? सत्तावीस किलोमीटर चालल्याचा पगार किती मिळाला म्हणून? आपण त्यांच्या पाया पडतो. मग अभ्यासालाच हिशेबाची वही का लावायची? आणि हिशेबच हवा असेल तर तोही आहे. आमच्या ओळखीतल्या एकीचे मिस्टर अचानक गेले. दुकान, कर्ज, विमा, वारसनोंद, सगळे कागद तिच्यासमोर आले आणि ती दिराकडे बघत राहिली. दुसरीला कामाच्या ठिकाणी वरची जागा मिळत होती, पदवी नाही म्हणून अर्जच करता आला नाही. उपयोग कधी पडेल ते सांगून येत नाही. पण मी तो मुद्दा पुढे करणार नाही, कारण मग ज्यांना नोकरीची गरज नाही त्यांनी शिकायचंच नाही असा अर्थ होईल. मला शिकायचंय एवढं कारण पुरेसं आहे.

"डोकं आता चालत नाही, लक्षात राहत नाही." बायांनो, हे कोण म्हणतंय बघा. भक्तामराचे अठ्ठेचाळीस श्लोक पाठ असलेल्या बायका म्हणतात. पिठाची मर्यादा तीन ऋतूंत तीन प्रकारची, अष्टमी-चतुर्दशी कधी, कुठल्या महाराजांचा कशाचा त्याग आहे, चौक्यात कोणाला मीठ चालत नाही आणि कोणाला दूध, हे सगळं आपल्या डोक्यात कागदाशिवाय असतं. या डोक्याला 'महाराष्ट्राचा इतिहास' जड जाईल? सवय गेलेली असते एवढंच. पहिल्या महिन्यात मला एक पान वाचायला अर्धा तास लागायचा आणि झोप यायची. तिसऱ्या महिन्यात झोप यायची बंद झाली.

"वेळ कुठाय?" हा आक्षेप मात्र खरा आहे, म्हणून त्याला आकड्यानेच उत्तर देते. इग्नूमध्ये एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे तीस तास धरतात. ऐंशी श्रेयांकांचं एम.ए. धरलं तर झाले २४०० तास. ऐकून छाती दडपते. आता आपल्या घराचं घड्याळ बघा. आपलं रात्रीचं जेवण नसतं. सूर्य मावळायच्या आत ताटं होतात, सातपर्यंत ओटा पुसून स्वयंपाकघर बंद. शेजारच्या घरांत नऊ वाजता पोळ्या लाटल्या जातात, तेव्हा आपले हात मोकळे असतात. रात्रीभोजनत्यागाने जिवांची हिंसा टळते, आरोग्य राहतं, हे आपण सगळ्यांना सांगतो. त्याने बाईला रोज संध्याकाळचे तीन तास मिळतात, हे मात्र आपल्या कधी लक्षात आलं नाही. त्यातले दोन घ्या. वर्षातले तीनशे दिवस धरा, बाकीचे सण, पाहुणे, आजारपण यांना सोडून द्या. झाले वर्षाला सहाशे तास. २४०० तासांना चार वर्षं. आणि तिथल्या दोन वर्षांच्या एम.ए.ला पूर्ण करायची मुदतही चार वर्षांपर्यंत असते. आपल्याला कुठं धावायचंय? आता ते तीन तास कुठं जातात ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. मालिकेतल्या सासूची कटकारस्थानं बघायला कोणी "या वयात कशाला" म्हणत नाही.

"आपल्याला काय करायचंय लौकिक शिक्षण? बस्तीत पाठशाळा आहे, प्रवचन आहे, स्वाध्याय आहे." हा आक्षेप सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक. गोड यासाठी की त्याला धर्माचा वास असतो, त्यामुळे उलट बोलता येत नाही. मी बोलणार आहे.

भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक. दीक्षा घ्यायच्या आधी, संसारात असताना, पोटच्या मुलींना शेजारी बसवून. अंक म्हणजे काय मोक्षशास्त्र आहे? लौकिकच विद्या ती. पहिल्या तीर्थंकरांना ती मुलींना द्यावीशी वाटली आणि आपल्याला ती नको वाटते, यात चूक कोणाची असेल?

आणि स्वाध्यायाचं म्हणाल तर आपण तो नीट समजून तरी घेतलाय का? बारा तपांतलं ते अंतरंग तप आहे. त्याचे पाच प्रकार आपण पाठशाळेत पाठ केलेत. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणं, विचारणं, मनन करणं, घोकणं आणि दुसऱ्याला सांगणं. आपल्या वाट्याला यातलं काय आलंय? घोकणं. आणि दुसऱ्याने सांगितलेलं ऐकणं. पृच्छना कुठं गेली? प्रवचनात हात वर करून "महाराज, हे मला पटलं नाही, समजावून सांगा" असं शेवटचं कोणी कधी विचारलं? मी तरी कधी नाही. विचारायची सवय मला लागली ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी, जेव्हा एका प्रश्नाखाली लिहिलं होतं, 'तुमचे मत सकारण लिहा'. माझं मत! पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी छापील कागदावर माझं मत मागितलं होतं. मी तासभर नुसती बसले होते. तेव्हापासून प्रवचन ऐकतानाही माझ्या वहीत प्रश्न उमटतात. विद्यापीठाने मला धर्मापासून लांब नेलं नाही, उलट जवळ आणून बसवलं.

आणखी एक. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली. आपण सगळ्यांनी स्टेटसला टाकलं. आपले आगम ज्या भाषेत आहेत ती भाषा आपल्यापैकी किती जणींना वाचता येते? णमोकार मंत्र रोज म्हणतो, त्यातलं 'णमो' हे कुठलं रूप हे सांगता येतं? पुण्यात सन्मति-तीर्थ संस्थेत गृहिणी प्राकृत आणि जैनविद्या शिकतात. लाडनूंच्या जैन विश्व भारती संस्थानातून घरी बसून जैनविद्येचं एम.ए. करता येतं. म्हणजे ज्यांना लौकिक नको त्यांच्यासाठीही दार उघडं आहे. तरीही आपण बाहेरच उभ्या राहिलो, तर अडचण लौकिक-अलौकिकाची नव्हतीच म्हणायची.

आता जरा कडू बोलते, कारण हे आपण बायकांनी बायकांना सांगायचं आहे.

ज्ञानावरणीय कर्म कशाने बांधलं जातं हे तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात सांगितलं आहे. ज्ञानाविषयी मनात कडवटपणा धरणं, असलेलं ज्ञान लपवणं, मत्सराने न देणं, दुसऱ्याच्या ज्ञानात अडथळा आणणं, त्याचा अनादर करणं, त्याला दूषण देणं. आपण हे पाठशाळेतल्या पोरांना शिकवतो, पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायला लावतो. आणि हॉलमध्ये वीस बायका मिळून एकीच्या अभ्यासात अंतराय आणतो. पुस्तकाला पाय लागला की आपल्याला लगेच कळतं. माणसाला लागला की कळत नाही.

"अगं, गंमत होती ती." मला माहीत आहे. आक्का मनाने वाईट नाहीत. त्यांना स्वतःला सातवीनंतर शाळा सोडायला लावली, हे त्या कधीतरी भाजी निवडताना सांगतात आणि गप्प होतात. जे आपल्याला मिळालं नाही ते दुसरीला मिळताना बघणं सोपं नसतं. पण म्हणून ते हसण्यावारी नेलं तर आपल्या सुनांनाही तेच मिळेल.

आपलाच इतिहास किती वेगळा आहे बघा. दहाव्या शतकात अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती हाताने लिहवून घेऊन वाटल्या. मुंबईच्या मगनबाई तरुणपणी विधवा झाल्या, नंतर शिकल्या आणि दुसऱ्या बायकांसाठी श्राविकाश्रम चालवला. सोलापुरात पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहांनी श्राविकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं. समाजाबाहेर बघायचं तर पार्वतीबाई आठवले चाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या, तेही शंभर वर्षांपूर्वी. आणि कर्मवीर भाऊराव पाटील तर आपलेच, कुंभोजचे. त्यांच्या जयंतीला आपण फोटोला हार घालतो. वसतिगृहातल्या पोरांचं जेवण बंद पडू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. दुसऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी. आपल्याला स्वतःच्या शिक्षणासाठी मंगळसूत्र मोडायचं नाही. माझी पहिल्या वर्षाची फी मंडळाच्या सहलीच्या वर्गणीपेक्षा कमी होती.

हे सगळं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या दाखल्यावर आणि गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्नाची नोंदणी तेव्हा कोणी करत नव्हतं. ते दोन नावांचं गणित सुटायलाच एक अख्खा प्रवेशाचा हंगाम गेला. अभ्यासकेंद्रावर खिडकीतल्या मुलाने माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणासाठी फॉर्म पाहिजे? मुलीसाठी?" पहिल्या परीक्षेला हात एवढा कापत होता की उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक दोनदा चुकला.

आणि एक पेपर मी बुडवला, तो कोणामुळे नाही, माझ्यामुळे. त्या दिवशी पुतण्याची हळद होती. घरात कोणी "जाऊ नको" म्हणालं नाही. आमचे हे तर गाडी काढून उभे होते. मीच म्हणाले, "जाऊ दे, लोक काय म्हणतील, घरात कार्य आणि काकू परीक्षेला." हळदीला पाहुण्यांना चहा देत राहिले. सहा महिन्यांनी तो पेपर पुन्हा दिला. त्या दिवशीच्या हळदीत मी नसते तर काय बिघडलं असतं, ते मला आजवर सापडलेलं नाही.

म्हणून ज्या शिकायचं म्हणतायत त्यांनाही दोन शब्द. नुसता कागद मिळवायला जाऊ नका. झेरॉक्सच्या दुकानात तयार स्वाध्याय विकत मिळतात, ते उतरवून देऊन पदवी घेतलीत तर ती शालूखालीच ठेवायच्या लायकीची. आणि मुलाच्या लग्नाच्या बायोडाटात आईपुढे 'एम.ए.' लिहायला बरं दिसतं म्हणून करत असाल तर तेही करू नका. कमी विषय घ्या, जास्त वर्षं घ्या, पण वाचून करा.

आता मंडळाकडे माझ्या चार मागण्या. येत्या बैठकीत तोंडी मांडणारच आहे, इथे आधी लिहून ठेवते म्हणजे मला ऐनवेळी मागे फिरता येणार नाही.

एक, बस्तीचं स्वाध्याय भवन दुपारी दोन ते पाच रिकामं असतं. ते शिकणाऱ्या बायकांना उघडं ठेवा. पंखा आणि दोन टेबलं, एवढंच लागतं.

दोन, दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव करतो तेव्हा त्याच मंचावर चाळिशीनंतर परीक्षा दिलेल्या बाईलाही बोलवा. पास झालेलीच नको, बसलेली चालेल. दहा उपवास करणारीचा आपण सत्कार करतो, ते योग्यच आहे. स्वाध्यायही तपच आहे.

तीन, थाळी सजावट आणि पाककृती स्पर्धांच्या बक्षिसांतून दरवर्षी एका बाईची फी बाजूला काढा. आहार, औषध, अभय आणि ज्ञान, ही चार दानं आपणच सांगतो ना? तीन आपल्याकडे भरभरून होतात.

चार, जिची परीक्षा आहे तिची त्या महिन्यातली चौक्याची पाळी दुसरीने घ्यावी. तिने मागायची वेळ आणू नये.

बाकी माहिती थोडक्यात. दहावी किंवा बारावी राहिली असेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचाही मार्ग आहे. पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इग्नू १९८५ पासून. १९१६ मध्ये महर्षी कर्व्यांनी सुरू केलेल्या महिला विद्यापीठात, म्हणजे आजच्या एस.एन.डी.टी.त, दूरस्थ शिक्षणाची सोय आहे. पैसे भरायच्या आधी त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे ना, हे तेवढं यूजीसीच्या संकेतस्थळावर बघून घ्या. अशी मान्य पदवी कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरतात. जुनं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्र, एवढं आधी जमवा. नावाचं काम आजच सुरू करा, त्यालाच सगळ्यात जास्त दिवस लागतात.

परवा मी त्या वहिनींकडे गेले होते. ओसरीवर बसून त्या शेंगा फोडत होत्या. मी म्हणाले, "त्या दिवशी मी हसले, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "तुम्ही एकट्याच थोड्या हसलात?" मग बराच वेळ दोघी शेंगा फोडत बसलो. उठताना मी विचारलं, फॉर्मचं काय करायचं. "बघू," म्हणाल्या. "आता मन उतरलंय."

बघू म्हणजे नाही, हे आपल्याला सगळ्यांना कळतं. पण मी आत जाताना बघितलं होतं, देवघराच्या फडताळात जिनवाणीशेजारी एक जुनी फाईल ठेवलेली होती, धूळ पुसलेली. म्हणून मी आशा सोडलेली नाही. प्रवेश सुरू झाले की मी पुन्हा जाणार आहे, लॅपटॉप घेऊन.

श्रुतपंचमीला पालखी निघेल तेव्हा मीही ठरलेल्या रंगाची साडी नेसून येईन. फक्त त्या दिवशी सकाळी, ग्रंथाचं वेष्टन बदलायच्या आधी, तुमचं ते गुणपत्रक शालूखालून काढून बघा. आणि मंडळात पुढच्या वेळी कोणी हळू आवाजात असं काही बोललं, तर हसायच्या आधी तिला विचारा, "विषय कुठला घेणार?"

जय जिनेंद्र.